मारबतीसोबत गेलेला पंप

अन्याय झाला तो आसगावच्या देवकाबाईंवर. मागच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, गावाच्या शिवेवर. अन्याय करणाऱ्याचं नाव सरकार नाही, मिलमालक नाही, दवाखान्याचा बाबूही नाही. तो मी केला.

एरवी माझ्या पत्रकाची पहिली ओळ चहा निवायच्या आत लिहून होते. ही लिहायला वर्ष लागलं. 'तुमच्या कामातले अनुभव लिहा' असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कोणाच्या विरोधात?" ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी पत्रकांवर वाढलेली बाई आहे. एकोणिसाव्या वर्षी आमच्या छोट्याशा संघटनेत आले आणि वामनदादांनी मला तीन नियम शिकवले. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि नेमका केव्हा, ते आलं पाहिजे. शेवटच्या ओळीत मागणी आली पाहिजे. आणि मधल्या मजकुरात कुठंही अट घालायची नाही. "अट घातली का समोरचा तिच्यातूनच निसटते," दादा म्हणायचे. "आपण भोक ठेवायचंच नाई." या तीन नियमांवर मी रस्ते, रेशन, दाखले, बोअरवेल, सगळ्यांवर लिहिलं. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलाकडच्यांनाही मी मागण्या लेखी दिल्या होत्या. बिनशर्त. ते लग्न झालं नाही.

गेली काही वर्षं मी दम लागणाऱ्या माणसांचं काम करते. धानाच्या पट्ट्यात गावोगाव फिरायचं, ओसरीत बसलेली माणसं शोधायची. ती सहज सापडतात. लग्नाला, बाजाराला, मयतीला सगळे निघाले की ती म्हणतात, "तुम्ही व्हा समोर, मी येतो मागून." आणि येत नाहीत. कोणी चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकलेलं असतं, कोणी राइस मिलमध्ये कोंड्याची धूळ खाल्लेली असते, कोणी जन्मभर विड्या ओढलेल्या असतात. फुप्फुसाच्या आतल्या बारीक नळ्या कायमच्या आखडून जातात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेरच पडत नाही, मग नवी येणार कुठून? हा आजार जात नाही. त्याला सांभाळावं लागतं. सांभाळायचं मुख्य हत्यार म्हणजे तोंडानं ओढायचं औषध. आमच्याकडे सगळे त्याला 'पंप' म्हणतात.

देवकाबाई मला अशाच एका ओसरीत सापडल्या. साठीच्या आसपासच्या. उभं आयुष्य रोवण्याच्या टोळीत सगळ्यांच्या समोर राहिलेल्या. पावसाळ्यात धानाची रोपं लावायला बायांची जी टोळी उतरते, तिचा वेग समोरची बाई ठरवते. ती बाई आता घरापासून हँडपंपापर्यंत जाताना दोनदा थांबत होती. मी माझी वही काढली आणि विचारलं, "तुमची मागणी काय?"

"कायची मागणी?"

"म्हणजे तुम्हाला काय हवं?"

"मले मंडईत जायाचं हाये," त्या म्हणाल्या.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, घरोघरी गर्दी. आसगावात आमच्या देवकाबाईंच्या घरापासून मंडईचं मैदान फार तर अर्धा किलोमीटर, तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खाली. तीन वर्षं त्या तिथं गेल्या नव्हत्या. आणि त्यांचं दुःख ते नव्हतंच.

"माही वनिता येते ना मंडईले," त्या म्हणाल्या. "लेक माही. वर्षातून एकडाव येते, अन् माह्याजवळच बसून राह्यते. जाय म्हणतो तं जात नाई. म्हणते, तुले सोडून कशी जाऊ. तीन सालं झाले, पोरीनं मंडई पाह्यली नाई माह्यापायी."

मी वहीत लिहिलं: मंडईचा हक्क. आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता मशीन. जिल्ह्यातला एक सरकारी दवाखाना, नाव लिहीत नाही, तिथं मी पंपाच्या साठ्याची चौकशी करायला गेले होते. एरवी कुलपात असणाऱ्या भांडारखोलीत एका कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. त्याच्या पायथ्याच्या फळीवर जुनी रजिस्टरं, रजिस्टरांवर तिथल्या बाबूंचा जेवणाचा डबा. वर दोन दांडे, मधे आकड्यांचा काळा स्क्रीन. धान मोजायच्या काट्याला मोटरसायकलचं हँडल लावावं तसं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट, नंदेश्वर म्याडम, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. बोलणं संथ, वाक्य पूर्ण केल्याशिवाय सोडणार नाहीत. त्यांनी सांगितलं, की हे कंपनाचं मशीन आहे, कोणीतरी दान दिलंय. फळीवर उभं राहायचं, फळी वेगानं बारीक बारीक हादरते, त्या हादऱ्यांनी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आपोआप आवळतात. दम लागणारा माणूस दमाच्या भीतीनं बसून राहतो. बसून राहिला की पाय वाळतात. वाळलेल्या पायांना तेवढंच अंतर चालायला जास्त दम लागतो. म्हणून तो आणखी बसतो. ही साखळी कुठंतरी तोडायची, तर पाय धरावे लागतात. ज्यांना चालण्याचा व्यायामही झेपत नाही, त्यांना या फळीवर थोडा थोडा वेळ उभं केलं तर काहींना फायदा होतो.

"पण," म्याडम म्हणाल्या, "हे फुप्फुसाचं औषध नाही. फुप्फुस आहे तसंच राहतं. सगळ्यांना चालत नाही. पंप चालू पाहिजे, बाकीचा व्यायाम चालू पाहिजे, मी समोर पाहिजे. आणि सध्या या खोलीत तेवढ्या लोडचं वायरिंगच नाही."

त्या एवढं सगळं बोलल्या. मी वहीत लिहिलं: दम्याच्या रुग्णांचं मशीन कुलपात. डबा ठेवतात.

बाबू मला म्हणाले, "ताई, डबा उचलतो मी. पाह्यजे तं आत्ताच उचलतो." मी म्हटलं, प्रश्न डब्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. ते डबा घेऊन बाहेर गेले आणि त्यांनी वऱ्हांड्यात जेवण केलं. माझ्या दहा वर्षांच्या कामातला तो सर्वात जलद निकाल होता आणि मी तो मोजलाच नाही.

पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे सकाळीच मारबत काढतात. घरोघरच्या दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, घरातली पीडा त्यांच्यासोबत काढायची आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन फेकायची. मारबतीला सांगायचं, की रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा. जे नको ते शिवेपार. लहानपणी मी गणिताचं पुस्तक फेकलं होतं. आईनं ते परत आणायला लावलं. तेव्हाच मला काही शिकता आलं असतं.

मला वाटलं, याहून चांगला प्रचार कुठला? लोकांची भाषा, लोकांचा सण. पत्रकात देवकाबाईंचं उदाहरण दिलं, त्यांना विचारून. कुलूप, प्लास्टिक, डबा, सगळं आलं. आणि शेवटी ठळक अक्षरात माझी आजवरची सर्वोत्तम ओळ:

पंप घेऊन जा, मशीन देऊन जा, गे मारबत.

मला काय म्हणायचं होतं? एवढंच, की नुसता पंप हातात देऊन आमची बोळवण करू नका, पुढचे उपचारही द्या. पण एवढं सगळं त्या चालीत बसत नव्हतं. वामनदादांनी ओळ वाचली आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. "जमली," ते म्हणाले. दादा वर्षातून दोनदा 'जमली' म्हणतात. त्या दिवशी मी हवेतच घरी गेले.

आसगाव आणि कोंढा, दोन्हीकडे पत्रकं वाटली. तान्ह्या पोळ्याला सकाळी मी कोंढ्यात होते. तिथं पोरांनी माझी ओळ उचलली आणि शिवेपर्यंत म्हणत नेली. लोक आपले शब्द ओरडताहेत, हे ऐकण्यासारखं सुख नाही. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. बरोबर त्याच वेळी दहा-बारा किलोमीटरवर आसगावात काय चाललं होतं, ते त्या व्हिडिओत नाही.

मशीन उघडलं. पत्रकामुळं उघडलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे नंदेश्वर म्याडम वायरिंगसाठी सहा महिने अर्ज करत होत्या आणि तो मंजूर झाला होता. पंधरा दिवसांत वायर आली, पलंग सरकवले, भिंतीवर घड्याळ लागलं. उद्घाटनाला मी नारळ घेऊन गेले. कोणी बोलावलं नव्हतं.

"मी आधी उभी राहते," मी म्हटलं. लढा आमचा होता.

"गुडघे थोडे मोडा," म्याडम म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. आंदोलनात माणूस ताठ उभा राहतो. मी ताठ उभी राहिले, फोटोसाठी मूठ वर केली आणि दोन शब्द बोलायला तोंड उघडलं. म्याडमनी बटण दाबलं. त्यानंतर मी जे बोलले ते शेळीनं बोलावं तसं होतं. हादरा टाचेतून सरळ टाळूत गेला, दात वाजले, चष्मा नाकावरून घसरून ओठांवर आला. वीस सेकंदांत मी उतरले. बाकावर कोंढ्याचे रामाजी बसले होते, तीस वर्षं राइस मिलमध्ये काम केलेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, भाषण बराबर समजलं नाई. पण आवाज पोचला."

रामाजी पुढं स्वतः उभे राहिले, गुडघे मोडून, दांडा धरून, पूर्ण अर्धा मिनिट. उतरल्यावर त्यांना विचारलं, कसं वाटलं?

"मिलीत चाळणी राह्यते ना, तांदूळ अन् तुटकी कनकी वेगळी कराची? तिच्याजवळ जमीन अशीच हालते. तीस सालं म्या हेच केलं. तव्हा कोनी माह्यासमोर घड्याळ घेऊन उभं नाई राह्यलं."

हे वाक्य मी कुलूप निघाल्याच्या पत्रकात वापरलं. ते माझं नाही, म्हणून चांगलं आहे.

गिऱ्हाइकं एकेक आली. शहापूरचे एक कापडवाले आले. दम-बिम काही नाही, पोट. त्यांनी कुठल्याशा जाहिरातीत अशीच फळी पाहिली होती आणि पाच मिनिटांत पोट वितळतं असा त्यांचा समज होता. म्याडमनी सांगितलं, पोटासाठी समोरचा हायवे आहे, सकाळी मोकळा असतो. एक आजोबा चप्पल घालूनच चढायचे, कारण चप्पल बाहेर ठेवली की जाते. एका बाईच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं होतं, ती म्हणाली, "एकावर एक मशीन, डबल फायदा." तिला म्याडमनी हात धरून खाली बसवलं. मला प्रत्येक नकार अन्याय वाटायचा. मी कोपऱ्यात उभी राहून नकारांची यादी करायचे. वर मथळा होता: नाकारलेले.

आणि या सगळ्यात देवकाबाई नव्हत्या. ज्यांच्या नावानं पत्रक निघालं त्याच आल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. तेही मी आठवलं म्हणून नाही. म्याडमचा फोन आला. "तुमच्या पत्रकातल्या बाई वॉर्डात आहेत. या."

देवकाबाई पलंगावर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी. गळ्याजवळची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. शेजारी वनिता, सासरहून धावत आलेली. मला पाहून देवकाबाई हसल्या.

"आली का व मशीन?" त्यांनी विचारलं. चार शब्दांना दोनदा थांबल्या.

"आली."

"मंग बराबर झालं."

मला काही कळेना. मी विचारलं, "तुमचा पंप कुठं आहे?"

"मारबतीसंगं देल्ला."

"काहून?"

'का'च्या जागी 'काहून' मी कामात कधी म्हणत नाही, प्रमाण भाषा बोलते. पण तेव्हा तेच तोंडातून निघालं.

"तूच तं लेहलं होतं," देवकाबाई म्हणाल्या. त्यांनी वनिताला खूण केली. तिनं पिशवीतून एक कागद काढला. चार घड्या घातलेला, कडा मऊ झालेल्या. माझं पत्रक. खालची ओळ ठळक. "वनितानंच वाचून दाखोलं पोळ्याच्या दिवशी फोनवरून, शेजारच्या पोरीनं तिले फोटो धाडला होता. म्हटलं, एक वस्तू सोडल्याबिगर दुसरी कशी भेटन. देवाले तं असंच राह्यते ना. फांदीसंगं नेला अन् टाकला शिवेवर. नवाच होता, अर्धा भरून. जिवावर आलं होतं."

वनिता माझ्याकडं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "म्या वाचलं ना. मलेही वाटलं, शिकलेल्या बाईनं लेहलं हाये."

त्या दोघींपैकी कोणीही माझ्यावर ओरडलं नाही. मी ओरडण्याची सवय असलेली बाई आहे. आरोप झाला की मला उत्तर येतं. तिथं उत्तर द्यायला आरोपच नव्हता. देवकाबाई मशीन आलं म्हणून समाधानी होत्या.

बाहेर वऱ्हांड्यात नंदेश्वर म्याडम उभ्या होत्या. "डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस उशीर केला असता तर सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमचं पत्रक मी वाचलंय. त्यात एकही अट नाही. माझ्या कामात दुसरं काहीच नाही. पंप असेल तर, ताप नसेल तर, नुकतं ऑपरेशन झालेलं नसेल तर, पायात रक्ताची गाठ नसेल तर. तुम्हाला मी हे सगळं सांगितलं होतं. तुम्ही लिहूनही घेत होता."

मी म्हटलं, "मी डब्याचं लिहून घेतलं."

त्या हसल्या नाहीत.

मी त्याच दुपारी आसगावला गेले. माझ्या डोक्यात एकच, की अजून किती जणांनी पंप फेकले असतील? पत्रकं तर दोन्ही गावांत वाटली होती. कोंढ्यातल्यांना फोन लावले, आसगावात घरोघर विचारत फिरले. माझ्याच यादीतले सगळे दमेकरी. प्रत्येकाकडे पंप होता. खिशात, फळीवर, देवाजवळ. एका म्हाताऱ्यानं तर मला पंप दाखवून परत खिशात घातला आणि वरून खिसा दाबला. "आम्ही का बह्याड हाओ का पंप फेकाले?" तो म्हणाला. "पत्रकात काहीबाही लेहतच राह्यतात."

मग मी शिवेवर गेले. तिथं नाल्याच्या काठाला पळसाच्या वाळक्या फांद्यांचा ढीग पडलेला असतो. फाटक्या केरसुण्या, फुटकी टोपली, चिखल. तासभर काठीनं उकरलं. पंप सापडला. निळा, तोंडाच्या भोकात माती, आत मुंग्या. मी तो हातात घेऊन बसले.

दहा वर्षांत मी किती पत्रकं लिहिली असतील, मोजलं नाही. त्या सगळ्यांत सरकारला, पंचायतीला, मालकांना, लोकांना मी हजार गोष्टी करायला सांगितल्या. अक्षरशः सांगितल्याप्रमाणं करणारा वाचक मला आयुष्यात एकच भेटला.

देवकाबाई दहाव्या दिवशी घरी गेल्या. नवा पंप मिळाला. डॉक्टरांनी पंधरा दिवस जाऊ दिले, तपासलं आणि मग म्याडमना सांगितलं, हळूहळू सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस. मी त्यांना आणायला जायची. हे मी सेवा म्हणून लिहीत नाही. वनिता सासरी परतली होती आणि दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. एसटीत त्यांना खिडकी मिळवून देणं हे मी आजवर केलेल्या आंदोलनांपैकी सगळ्यात अवघड.

पहिल्या दिवशी म्याडमनी त्यांना सहा मिनिटं चालवलं, वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दमल्या की थांबवून. किती फेऱ्या झाल्या ते लिहिलं. मग श्वास शिकवला: नाकानं आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर.

"फुंकनीत फुंकतो तसंच," देवकाबाई म्हणाल्या.

"तसंच. पण विस्तव पेटू द्यायचा नाही," म्याडम म्हणाल्या.

मग फळी. म्याडम सांगणार होत्या, की गुडघे थोडे मोडा. त्याआधीच देवकाबाई उभ्या राहिल्या होत्या. पाय थोडे फाकलेले, गुडघे सैल, भार तळव्यांवर.

"हे तं बांधीत उभं राह्यनं होय," त्या म्हणाल्या. धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. "चिखलात गुडघे ताठ केले का माणूस पडते."

म्याडमनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

अर्धा मिनिट हादरे, एक मिनिट खुर्ची. पुन्हा अर्धा. असं चार वेळा, पुढं सहा वेळा. मग खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं. बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटणार नाही असं ते काम. मला फार कंटाळा यायचा. यात घोषणा नाही, प्रतिपक्ष नाही, कोणी निवेदन स्वीकारत नाही. चौथ्या आठवड्यात वऱ्हांड्यातल्या फेऱ्या दोनानं वाढल्या. मी आनंदानं ओरडले. देवकाबाई म्हणाल्या, "उगी राहा व. मोजू दे बाईले."

त्याच दिवसांत मी नवं पत्रक लिहिलं. पंप कधीच बंद करायचा नाही. मशीन सगळ्यांसाठी नाही. ताप असेल तर येऊ नका. आधी डॉक्टरला विचारा. वामनदादांनी ते वाचलं, पालथं करून मागं काही आहे का ते बघितलं. "हे पत्रक होय का औषधाच्या खोक्यातला कागद?"

"अटी आहेत," मी म्हटलं.

"मंग वाचन कोन?"

"ज्यानं पंप फेकला नाही तो." मी त्यांना नाल्यातला पंप दाखवला. दादांनी तो हातात फिरवून पाहिला आणि पत्रक छापायला पाठवलं. पत्रक छापून आलं. दादा 'जमली' म्हणाले नाहीत, ते बरोबरच आहे. त्यात जमण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळी होऊन महिना झाला; आसपासच्या मंडयांत आसगावची सगळ्यांत शेवटी भरते. मंडईच्या दिवशी मी दुपारी दोनला आसगावला पोहोचले. वनिता आली होती. देवकाबाईंनी सकाळीच पंप घेतला होता, नवं लुगडं नेसल्या होत्या. मी सोबत काय आणावं याचा खूप विचार केला होता. बॅनर नको, असं मनाला निक्षून सांगितलं. शेवटी शेजारच्या घरून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली.

अशा आम्ही निघालो. समोर देवकाबाई, बाजूला वनिता, मागं डोक्यावर लाल खुर्ची घेतलेली मी. मंडईला निघालेलं सगळं गाव आम्हाला ओलांडून जात होतं.

"कोनाचं भाषण हाये व बाई?" एकानं विचारलं.

"कोणाचंच नाही."

"मंग खुर्ची कायले?"

"बसायला."

त्याला ते पटलं नाही. मला पत्रकवाली म्हणून ओळखणारं गाव, त्याला वाटलं, आता ही मंडईत धरणं धरते.

हँडपंपापर्यंत देवकाबाई न थांबता गेल्या. तिथं मी खुर्ची ठेवायला धावले, तर त्या हातानं नको म्हणाल्या आणि ओठांचा चंबू करून उभ्या राहिल्या. मग पुढं. शाळेजवळ बसल्या. चार मिनिटं. तलावाच्या पाळीचा चढ लागतो तिथं पुन्हा बसल्या, यावेळी जास्त वेळ. चेहरा ओढलेला. मला वाटलं, आता परत फिरावं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सांगण्यावरून या बाईनं आधीच बरंच काही केलं होतं.

पाळीच्या वरून मंडई दिसत होती. पाळणा, झेंडे, जिलेबीच्या कढया, धूळ.

"झालं," देवकाबाई म्हणाल्या. "अठीच बसतो मी. खाली धूळ हाये, म्याडमनं नाई म्हटलं धुळीत जायाले." मग लेकीला म्हणाल्या, "जाय तू. मले अठून दिसते तू. पाळण्यात बस. हात दाखोव वरून."

"तुले सोडून?"

"ही हाये ना पत्रकवाली. खुर्चीसंगं आली हाये ते."

वनिता गेली. पाळ उतरताना दोनदा मागं वळून बघितलं, मग धावतच गेली. चाळिशीची बाई, दोन लेकरांची आई, धावत मंडईत गेली. थोड्या वेळानं पाळणा फिरला आणि वरच्या डब्यातून एक हात हलला. तो तिचाच होता की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. देवकाबाईंनी मात्र दोन्ही हात हलवले.

तर निकाल असा: अर्धा किलोमीटर, दोन बैठका, मैदानाच्या अलीकडे शंभर पावलं. फुप्फुस आहे तेवढंच आहे. पत्रकात याला विजय म्हणता येत नाही. मी म्हणत नाही.

शेवटी माझी तक्रार, आणि ती आता बाबूंच्या विरोधात नाही. मशीन आजही चालू आहे. प्लास्टिक नाही, कुलूप नाही, डबा वऱ्हांड्यात. म्याडम घड्याळाखाली बसलेल्या असतात आणि निम्म्या वेळा समोरची खुर्ची रिकामी असते. ज्यांनी यायचं ते गावोगाव ओसरीत आहेत. ते एकटे एसटीत चढू शकत नाहीत आणि त्यांच्यासोबत यायला घरात कोणाला सवड नाही. रामाजीही गेला महिनाभर आले नाहीत, मुलगा कामावर जातो. मी कुलपावर दोन पत्रकं काढली. सोबत जाणाऱ्या माणसावर एकही काढलं नाही, कारण त्यात विरोधात उभं करायला घरचीच माणसं निघतात. तुम्ही, मी.

म्हणून मागणी तुमच्याकडं आहे. यंदा दिवाळीत सगळे बाहेर पडतील तेव्हा तुमच्या घरातून कोणीतरी म्हणेल, तुम्ही व्हा समोर, मी येतो मागून. त्यांचा पंप कुठं आहे ते आधी बघा. मग एक खुर्ची उचला, आणि त्यांच्या मागं चाला.